हॉर्न वाजेपर्यंतचं वरदान

चार रस्ते जिथे एकमेकांना भेटतात, तिथे मधोमध एक इवलीशी गोल बाग होती. समोरच्या पत्र्याच्या खोलीत आठ वर्षांची सुगी तिच्या आईबरोबर राहायची. आईला, गिरिजाला, दिसत नसे. बोटांनी चाचपत ती अबोलीचे गजरे गुंफायची आणि सुगी ते विकायची. ज्या दिवशी गजरे खपत नसत, त्या दिवशी दोघी पाणी पिऊन झोपायच्या.

सुगीकडे एक सायकल होती. भंगारातून आलेली, जांभळी, पिटुकली. तिला घंटी होती, चेन नव्हती. सुगी ती ढकलत शाळेत न्यायची आणि सांगायची, "आज आम्ही दोघी चालत आलो."

पूर्वी गिरिजा रस्ता ओलांडायला तास तास ताटकळायची. मोठी माणसं 'अरेरे' म्हणायची आणि निघून जायची. मोठ्यांना ते छान जमतं. थांबल्या त्या एकट्या शिरोळेबाई. शहराचे सिग्नल बसवणाऱ्या इंजिनिअर होत्या त्या. तीन दिवस उन्हात उभं राहून त्यांनी गिरिजाची पावलं मोजली. बरोब्बर सत्तावीस. मग त्यांनी सिग्नलला तेवढा वेळ दिला आणि खांबावर एक डबा बसवला. गाड्या थांबल्या की डबा बोलायचा, टिक टिक, टिक टिक, आणि गिरिजा राणीसारखी रस्ता ओलांडायची.

आता शिरोळेबाई निवृत्त झाल्या होत्या. त्या म्हणाल्या होत्या, "सत्कार नको, शाल नको. सगळे सायकली काढा. माझ्या सिग्नलांना एक फेरी मारून येऊ."

त्या रविवारी सकाळी चौकात सायकलींचा नुसता बगीचा फुलला. लाल, पिवळ्या, मोरपंखी, चंदेरी! पण सत्कार समितीच्या काकांना साधं काही सोसतं होय? त्यांनी भलामोठा फ्लेक्स लावला. त्यावर सात काका हात जोडून हसत होते आणि कोपऱ्यात शिरोळेबाई, तिकिटाएवढ्या. लावला कुठे? थेट सिग्नलच्या दिव्यांवर! आणि टिकटिकणाऱ्या डब्याशेजारी दणदणता स्पीकर.

सुगी सायकल ढकलत पुढे आली. आई मागून गजरा घेऊन येणार होती. "तू हो पुढे," ती म्हणाली होती, "मी टिकटिक ऐकून येते. बाईंना माझ्या हाताने गजरा द्यायचाय."

समितीचे अध्यक्षकाका जीपमधून ओरडले, "ए पोरी, चेन नाही त्या खटाऱ्याला! फोटोत काय दिसेल? हो बाजूला!"

सुगी सायकल घेऊन बागेत गेली. तिथल्या सदाफुलीला ती रोज गजऱ्यांवर शिंपडून उरलेलं पाणी घालायची. आजही तिने ओंजळ रिकामी केली, आणि पाकळीतून चमचम करत एक चिमुकली परी बाहेर आली! तिच्या पंखांवर तीन रंग होते. माणकासारखा लाल, हळदीसारखा पिवळा, पोपटासारखा हिरवा.

"रोज पाणी पाजतेस मला," परी म्हणाली. "माग एक वरदान. पण नियम ऐक. एकाच श्वासात मागायचं. आणि चौकात पहिला हॉर्न वाजला, की वरदान संपलं."

"अगंबाई! आपल्या शहरात? पाच सेकंद तरी टिकेल का ते?"

"म्हणून तर आजवर कुणाचं टिकलं नाही," परी खुदकन हसली.

सुगीने सायकलीकडे पाहिलं. चेन! चांदीची चेन! तिने श्वास घेतला, आणि तेवढ्यात तिला आई दिसली. पलीकडच्या काठावर, कान टवकारून, हातात गजरा. स्पीकरच्या दणदणाटात टिकटिक तिला ऐकूच येत नव्हती. तिने चाचपडत एक पाय रस्त्यावर टाकला. समोरून बस येत होती.

"माझ्या आईला टिकटिक ऐकू येऊ दे!"

स्पीकर गप्प झाला. फ्लेक्सवरचे सात काका हसता हसता फ्लेक्ससकट फुलपाखरं झाले आणि भुर्रकन उडाले. मागे लाल दिवा लखलखला. बस कचकन थांबली.

टिक टिक. टिक टिक.

आधी या चौकातून, मग पुढच्या, मग त्याच्याही पुढच्या. शिरोळेबाईंनी बसवलेला एकेक डबा दूरदूरवर बोलू लागला. अख्ख्या शहराचं काळीज ऐकू यावं तसं! शेकडो सायकलस्वार एक पाय जमिनीवर टेकवून स्तब्ध उभे राहिले. चिमण्यांची चिवचिव ऐकू आली. आणि त्या शांततेतून गिरिजा चालत आली, एकेक पाऊल.

शिरोळेबाईंचे ओठ हलत होते. "एकोणीस... वीस..."

अध्यक्षकाकांचा हात हॉर्नकडे गेला.

"काका, नका ना वाजवू," सुगी हळूच म्हणाली. "माझी आई आहे ती."

काका घुटमळले. मग त्यांनी हात मांडीवर ठेवला. असं त्यांनी जन्मात पहिल्यांदाच केलं असेल, पण केलं खरं.

"सत्तावीस!" म्हणत शिरोळेबाईंनी गिरिजाचा हात धरला. गिरिजाने चाचपत त्यांच्या केसांत गजरा माळला. बाईंचे डोळे भरून आले.

"हा झाला माझा सत्कार," त्या म्हणाल्या. "सुगी, आण तुझी सायकल. माझ्या शेजारी तूच."

"पण बाई, हिला चेन..."

सुगी बोलता बोलता थांबली. परी सायकलीभोवती गिरक्या घेत होती, आणि प्रत्येक गिरकीला एकेक चंदेरी कडी जुळत होती. शेवटची कडी जुळली, तशी परी भर्रकन सिग्नलवर चढली. लाल झाली, पिवळी झाली, मग इतकी लख्ख हिरवी झाली, की सगळ्यांचे डोळे दिपले. डोळे उघडले, तर परी नव्हती. उरला होता फक्त प्रकाश.

सुगीने पायडल मारलं. तिच्या मागे अख्खं शहर निघालं.

पावणेअकराला कुणीतरी हॉर्न वाजवलाच. मोठी माणसं ती, किती वेळ दम धरणार! पण तोवर गिरिजा कधीच रस्ता ओलांडून आली होती. आणि चेन? ती तशीच राहिली. ती सुगीने मागितलीच नव्हती ना, मग तिला हॉर्नचा नियम कसा लागेल?