तळ्याचा बांध आणि सात राज्यांची मैना

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. माणसं एकमेकांना विचारल्याशिवाय साधी पेरणीसुद्धा करत नसत, त्या काळातली. मुलांनो ऐका, आणि मुलांना मांडीवर घेऊन बसलेल्यांनो, तुम्हीही ऐका.

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. गावाच्या वरच्या अंगाला मोठं तळं होतं आणि तळ्याला मातीचा रुंद बांध. तळं आटलं असं कधी झालं नाही, म्हणून गावाची शेतं हिरवी राहत.

त्या गावात प्रत्येक प्रश्नाचं एक घर ठरलेलं होतं. कोंबडी अंड्यांवर बसत नसली की परटिणीकडे जायचं. लेकरू अंगावर पीत नसलं की सुईणीकडे. माठात पाणी गार होत नसलं की सगुणा कुंभारणीकडे. जाणारा नुसता विचारून परतत नसे. बसायचं, गुळाचा खडा तोंडात टाकायचा, पाणी प्यायचं. उत्तर देऊन झालं की घरची बाई उलट विचारायची, "ते असू दे, सासऱ्याचा गुडघा कसा आहे आता?" एक प्रश्न घेऊन गेलेला माणूस घरी येताना चार घरांची खुशाली घेऊन यायचा. या सगळ्यात वेळ जायचा खरा. पण तो वाया गेला, असं तेव्हा कुणाला वाटत नव्हतं.

पाण्याबद्दल विचारायचं असलं तर म्हाळूबाबाकडे जायचं. म्हाळू हा गावचा पाटकरी. तळ्याचं पाणी वाटून देणं आणि बांध सांभाळणं हे त्याचं काम. रोज सकाळी तो अनवाणी बांधावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचा. टाचेला ओल कळते, असं म्हणायचा. कुणी विचारलं, "बाबा, बांध कसा आहे?" तर तो म्हणायचा, "आजचं माहीत नाही. बघून येतो." लोक हसायचे. चाळीस वर्षं बांधावर घालवली, तरी याला माहीत नाही.

एके वर्षी सुगी संपता संपता गावात एक व्यापारी आला. त्याच्या बैलगाडीत पिंजरे होते आणि पिंजऱ्यांत मैना. त्याने एक पिंजरा चावडीवर टांगला आणि म्हणाला, "ही मैना सात राज्यं फिरली आहे. बाजारात, देवळात, पाणवठ्यावर माणसं जे जे बोलली ते हिनं ऐकलंय आणि लक्षात ठेवलंय. विचाराल ते सांगेल."

सगुणा पुढे झाली. तिची मडकी त्या हंगामात भट्टीत तडकत होती. तिने कारण विचारलं.

मैना गोड आवाजात म्हणाली, "मातीत घोड्याची लीद आणि चाळलेली राख मिसळ. सावलीत दोन दिवस जास्त वाळव."

सगुणाने तसं केलं. पुढच्या भट्टीत एकही मडकं तडकलं नाही.

मग काय, चावडीवर दुसरा विषयच उरला नाही. कुणी म्हणालं, ही देवाची वाणी आहे. सुईण म्हणाली, "हे पाखरू एक दिवस माझं काम घेणार." एक म्हातारा म्हणाला, "माझी सून जन्मात इतकं गोड बोलली नाही. मला तर पाखरू आवडलं." परटिणीने व्यापाऱ्यालाच विचारलं, "पण हे तू आम्हाला देतोस कशासाठी?"

"मला काही नको," व्यापारी म्हणाला. "तुमच्या घरांत जे बोललं जातं ते तिला ऐकू द्या, एवढंच."

म्हाळूही आला होता. पाटलांनी त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "पाखरू गुणी आहे. मडकी नीट निघाली, ते खोटं कसं म्हणू?" आणि आपल्या कामाला निघून गेला.

पुढच्या वर्षी व्यापारी पुन्हा आला, आणि घरोघरी पिंजरे लागले. त्यानंतर जे झालं ते इतकं हळू झालं की कुणाच्या ध्यानात आलं नाही. परटिणीकडे कोंबडीचं विचारायला कुणी येईना. सुईणीच्या दारातली चटई गुंडाळलेलीच राहू लागली. सगुणाच्या ओट्यावर आधी दुपारभर बायका बसायच्या. आता तिथे मांजर झोपू लागलं. एकदा सगुणाने मैनेला काहीतरी विचारलं. मैनेने लगेच उत्तर दिलं. सगुणा उगीच थोडा वेळ पिंजऱ्यापाशी थांबली. मग तिच्या लक्षात आलं, की आता उलट आपल्याला कुणी काही विचारेल म्हणून आपण थांबलो आहोत.

तिसऱ्या वर्षी पाटील म्हाळूकडे गेले.

"म्हाळूबाबा, तुमचं वय झालं. रोज एवढं चालता. बांधाचं काय ते मैना सांगते. आता आराम करा."

पाटलांच्या मनात खोट नव्हती. म्हाळूचे पाय खरंच दुखत होते. तो गुडघा चोळत म्हणाला, "बरं."

बांधावरची त्याची पायवाट आधी गवताखाली गेली, मग तिच्यावर टाकळा माजला. बांधाच्या टोकाला सांडवा होता, तळ्यातलं जादा पाणी वाहून जायची वाट. तो दर उन्हाळ्यात म्हाळू साफ करून घ्यायचा. आता त्यात गाळ साचला आणि झुडपं उगवली. कुणी तिकडे जातच नव्हतं, मग दिसणार कुणाला?

म्हाळू घरी बसल्याला तीन वर्षं झाली. त्या वर्षी श्रावण सरत आला तरी पाऊस थांबला नव्हता. पोळ्यासाठी मातीचे बैल करायचे म्हणून सगुणा माती आणायला बांधाखालच्या खड्ड्याशी गेली. तिथे बांधातून नेहमीच थोडं पाणी पाझरायचं, काचेसारखं निवळ. आज ते पिवळं दिसत होतं. तिने हात बुडवला, बोटावर बोट चोळून पाहिलं. गावची माती काळी. अशी पिवळी माती गावात एकाच ठिकाणी होती, बांधाच्या पोटात.

तिने टोपली तिथेच टाकली आणि चावडी गाठली.

पाटलांनी तिचं ऐकून घेतलं. मग मैनेकडे वळून विचारलं, "तळ्याचा बांध कसा आहे?"

"बांध भक्कम आहे," मैना म्हणाली. "शंभर वर्षांत हललेला नाही."

जमलेल्या माणसांनी सुटकेचा निःश्वास सोडला. कुणीतरी म्हणालं, "पावसाचं पाणी गढूळ व्हायचंच, सगुणा."

सगुणा पिंजऱ्याजवळ गेली. "हे तू कुणाकडून ऐकलंस?"

"गावाकडून."

"या पावसाळ्यात कोण म्हणालं?"

"मी म्हणाले," मैना म्हणाली. "मी सांगितलं ते लोकांनी एकमेकांना सांगितलं. ते मी ऐकलं. म्हणून मी सांगते."

पाटील पागोटं सारखं करत राहिले. सगुणा मात्र तिथे थांबली नाही, तडक म्हाळूच्या घरी गेली.

म्हाळू खाटेवर पडला होता. ती दारात दिसताच उठून बसला. "सगुणे, तू? ये, बस. किती दिवसांनी."

सगुणाला मान वर करवेना. हे घर तिच्या घरापासून शंभर पावलांवर होतं आणि तीन वर्षांत ती एकदाही आली नव्हती.

"बाबा, बसायला वेळ नाही," ती म्हणाली आणि तिने पाहिलं ते सांगितलं. "बांध फुटेल का हो?"

"माहीत नाही," म्हाळू म्हणाला आणि काठी शोधू लागला. "बघून येतो."

सगुणाने त्याला हाताला धरून नेलं. तीन ठिकाणी बसावं लागलं. बांधावर पोचल्यावर त्याने गवत बाजूला केलं आणि एकेक पाऊल टेकत, टाच दाबत चालू लागला. निम्म्यावर आला आणि थांबला. पुन्हा टाच दाबली.

"इथं आतून पोकळ झालंय. घुशींनी पोखरलं असेल, आता पाणी माती ओढून नेतंय. हे निदान दोन वर्षांचं आहे, पोरी."

एव्हाना पाटीलही मागोमाग आले होते. त्यांनी विचारलं, "बाबा, खात्रीनं सांगता? खालची आळी रिकामी करायची म्हणजे चाळीस घरं उठवायची."

"खात्री नाही," म्हाळू म्हणाला. "पण मी त्या आळीत राहत असतो, तर आज तिथं जेवलो नसतो."

पाटील स्वतः खाली धावत गेले.

दुपार टळायच्या आत खालच्या आळीतली माणसं, गुरं, तान्ही बाळं देवळाच्या टेकडीवर गेली. उरलेलं गाव कुदळी-फावडी घेऊन सांडव्याशी भिडलं. म्हाळू एका दगडावर बसून सांगत होता, कुठे खणायचं आणि कुठे हातही लावायचा नाही. अंधार पडेपर्यंत तळं हातभर उतरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांध त्याच जागी खचला. गावाने टेकडीवरून पाहिलं. पाणी हातभर कमी होतं, म्हणून ते वरच्या गावात शिरलं नाही. खालची आळी मात्र गेली. सगुणाची भट्टी गेली, चाक गेलं, वाळत ठेवलेली मडकी गेली. माणूस एकही गेला नाही.

एक जण रागाने चावडीवरचा पिंजरा उचलून आला. "या पाखरानं आपल्याला बुडवलं," तो म्हणाला आणि पिंजऱ्याचं दार उघडून आत हात घालू लागला.

म्हाळूने त्याचा हात धरला. "तिला कशाला मारतोस? तिनं आपलंच बोलणं आपल्याला ऐकवलं. बांधावर जायचं आपण सोडलं. ते तिनं नाही सांगितलं."

पाटील खाली मान घालून उभे होते. "आराम करा असं मी सांगितलं, बाबा."

"आणि मी बरं म्हणालो," म्हाळू म्हणाला. "तुम्ही चुकलात तसा मीही चुकलो. निदान कुणाला तरी शिकवून मग खाटेवर पडायचं होतं."

बांध पुन्हा उभा करायला दोन वर्षं लागली. त्या दोन वर्षांत सगळं गाव एका ठिकाणी राबलं, एका ठिकाणी भाकरी खाऊ लागलं. मैना राहिल्या. मडक्याची माती, आमटीचं वाटण, दूर देशीच्या गोष्टी लोक त्यांना विचारत. पण मैनेने काही सांगितलं की त्या कामातला गावचा जाणता जो असेल, त्यालाही जाऊन विचारत. सुईणीची चटई दिवसा पुन्हा पसरलेली दिसू लागली. जुने दिवस जसेच्या तसे परत आले, असं मात्र मी म्हणणार नाही. जुने दिवस तसे परत येत नसतात.

म्हाळू दुसऱ्या वर्षीच्या थंडीत गेला. जाण्याआधी त्याने सगुणाला आणि आणखी सहा जणांना बांध वाचायला शिकवलं होतं. गावाने नियम केला, की प्रत्येक घरातल्या माणसाने आपल्या पाळीला या सातांपैकी एकाबरोबर बांधावरून चालायचं. पाटलांनाही सूट नव्हती. त्यांची पाळी अमावस्येनंतरच्या पहिल्या दिवशी यायची आणि ते ती कधी चुकवत नसत. त्यानंतर त्या बांधाने पुष्कळ पावसाळे पाहिले, दोन-तीनदा भेगाही पडल्या. पण त्या वेळीच दिसल्या आणि बुजवल्या गेल्या.

तात्पर्य : ऐकलेलं सांगणारे कितीही असोत, स्वतः जाऊन पाहणारे गावात आहेत तोवरच गाव सुखरूप असतं.