न उचललेला वाटा

गोदावरीच्या काठी पोतन नगरात विजितसेन राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्वाने वेशीबाहेरच्या वस्तीत जन्म घेतला. त्याचे नाव कंदल. आठवडी बाजारात थकलेल्या बैला-म्हशींचे मांस पळसाच्या पानांवर सारखे वाटे करून मांडायचे, हे त्याच्या घरचे काम. बोधिसत्त्व मांसाच्या बाजारात कसा, असे विचारून कुणी नाक मुरडू नये. ज्यांच्या ताटात तूप असते त्यांनाच नाक मुरडणे परवडते. वस्तीत ना तूप होते ना दूध. आठवड्यातून एकदा बैलाच्या मांसाचा रस्सा होई, आणि त्याच्या जोरावर माणसे नांगर धरीत, ओझी वाहत.

वाटे पाडणाऱ्यासाठी वस्तीचा एक नियम होता. सगळ्यांनी आपापला वाटा उचलला की उरेल तो शेवटचा त्याने घ्यायचा. लबाडी केली तर त्याच्याच घरी हाडे जायची. कंदलाचा हात इतका सरळ होता की बायका पान निवडत बसत नसत. समोर येईल ते उचलून घरी जात.

पुढे राजाला नवी हत्तीशाळा बांधायची हौस आली. हौस राजाची असली तरी मोल बहुधा दुसरेच मोजतात. सोमिल नावाच्या श्रेष्ठीने हत्तीशाळेला सागवान पुरवले आणि बदल्यात मांसबाजाराचा मक्ता मागून घेतला. मग आसपासच्या गावांतली ढोरे विकत घेऊन त्याने ती नदीपलीकडे कुंपणात कोंडली, आणि बाजारात चार-दोनच पाठवू लागला. एका वाट्याला पायलीभर जोंधळा पडत असे, तिथे दोन पायल्या झाल्या, आणि पावसाळा सरेपर्यंत चार. कुणी विचारलेच तर सोमिल म्हणे, "ढोरंच मिळत नाहीत, त्याला मी काय करू?" नदीपलीकडून हंबरणे ऐकू येत असतानाही तो हे म्हणे, आणि लोकांना ऐकून घ्यावे लागे.

बायका आधी दोघींत मिळून एक वाटा घेऊ लागल्या, मग चौघींत. कुणी नुसती हाडे नेई. काही जणी रिकामीच पाटी घेऊन परतत आणि शेजारणीला कळू नये म्हणून तिच्यावर फडके झाकत. ते फडके पाहिले की कंदलाला राग येई. बोधिसत्त्वाला राग येत नाही असे सांगणारे सांगोत. त्याला राग येई, फक्त तो रागाच्या हाती सुरी देत नसे.

वस्तीत कुंभा नावाची विधवा होती. नदीवर लोकांची घोंगडी धुऊन ती पोट भरी. तिची लेक नागी पहिल्या बाळंतपणात फार रक्त गेल्यामुळे अंथरुणाला खिळली होती. सुईण म्हणाली, "पायांचा रस्सा पाज तिला, नाहीतर पोर हाती लागायची नाही." कुंभा दोन बाजार हात हलवीत परत आली. तिसऱ्या बाजाराला कंदलाने आपला शेवटचा वाटा तिच्या पाटीत घातला. तो दोन दिवस पुरला.

सोमिलाने त्याला बोलावून घेतले. "कंदला, पानावर खाली हाडं घाल, वर मांस पसर. चारात पाच वाटे होतील. पाचवा तुझा, दर बाजाराला."

"धनी, आमच्यात वाटे पाडणाऱ्याला उरेल तो मिळतो," कंदल म्हणाला. "आधीच काढून ठेवला, तर त्याला चोरी म्हणतात."

सोमिल हसला. "बघ बाबा. तुझी वस्ती मांसावाचून राहायची नाही. चार दिवस ओरडेल आणि मुकाट्यानं घेईल."

कंदल तसाच वस्तीत गेला आणि दारोदार सांगत फिरला, "भाव तो ठरवतो, पण उचलायचं की नाही हे आपल्या हातात आहे. पुढल्या बाजाराला कुणी वाटा उचलू नका. कुंपण उघडेपर्यंत नाही."

पुढल्या बाजाराला त्याने नेहमीसारखे सरळ वाटे पाडले, सुरी पुसली, ओंडक्यावर ठेवली आणि हाताची घडी घालून बसला. बायका आल्या आणि पानांभोवती बसल्या. रिकाम्या पाट्या समोर होत्या, आणि त्या दिवशी एकीवरही फडके नव्हते. सोमिलाचा भाव पुकारणारा माणूस ओरडून थकला. दुपार झाली. धान्य कणगीत वर्षभर थांबते, मांस उन्हात थांबत नाही. माश्या घोंगावू लागल्या, तेव्हा सोमिल स्वतः आला. चाराच्या तीन पायल्या झाल्या, तीनाच्या दोन, आणि शेवटी एक.

बायकांत चुळबुळ झाली. एक म्हातारी म्हणाली, "आज एक, आठ दिवसांनी पुन्हा चार. आम्ही काय कालच्या जन्मलोय? आधी कुंपण उघडा."

"राजाला सांगून वस्ती उठवीन."

"उठवा. मग ढोरं सोलायला तुम्ही बसा. अंगठ्या तेवढ्या काढून ठेवा."

बायका हसल्या. सोमिल हसला नाही. त्याची नजर कुंभावर गेली. नागीचे दुखणे साऱ्या बाजाराला ठाऊक होते. त्याने दोन पाय असलेला चांगला वाटा उचलला आणि तिच्यापुढे धरला. "बाई, लेक आजारी आहे ना तुझी? घे. फुकट घे."

एकीने उचलला की दुसरी उचलणार, हे सोमिलाला कळत होते आणि बायकांनाही. कंदल गप्प राहिला असता तर चालले असते. पण तो उठला. "कुंभाआक्का, तू घे. नागीच्या जिवापुढे आमचा हट्ट मोठा नाही. तुला कुणी नावं ठेवणार नाही."

कुंभाने पान हातात घेतले. मग तिने ते सोमिलाच्या पायाशी ठेवले.

"धनी, वाटे किती पडायचे हे आता तुम्हीच ठरवता. म्हणजे आमच्या नियमानं शेवटचा तुमचा. आम्ही तर अजून उचललेच नाहीत, तेव्हा जरा थांबा." मग ती कंदलाकडे वळली. "मी आज घेतला तर माझी एक पोर वाचंल. बाकीच्यांच्या लेकींना बाळंतपण नाही का?"

एवढे बोलून ती खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. तिला लेकीच्या जिवाची फार भीती वाटत होती. पण ती उठली नाही.

त्या दिवसापासून वस्तीतल्या बायका पाळीपाळीने नागीला कुळथाचे कढण पाजू लागल्या. सोमिलाचे मांस तीन बाजार कुजले. वारा फिरला तेव्हा तो वास नव्या हत्तीशाळेपर्यंत गेला आणि हत्ती आत पाऊल टाकीनात. राजाने मक्ता काढून घेतला. न्याय त्याला सुचला नव्हता, वास सहन झाला नव्हता, इतकेच. कुंपण उघडले, वाटा पुन्हा पायलीवर आला. नागी वाचली, पण तिला उभी राहायला चैत्र उजाडला.

ही कथा पुढे बुद्ध झालेल्या शास्त्याने जेतवन विहारात सांगितली. तिथे हीन मानलेल्या वस्तीतली एक बाई नुकतीच भिक्षुणी झाली होती, आणि काही भिक्षू आपसांत म्हणत होते, "बाजारात मांसाचा भाव करणारी ही. हिचा निश्चय किती दिवस टिकणार?"

कथा संपवून शास्ता म्हणाला, "तेव्हाचा सोमिल म्हणजे हे बोलणारा भिक्षू सुमंगल. विजितसेन राजा म्हणजे त्याच्या बोलण्याला मान डोलावणारा त्याचा सोबती. पाट्या घेऊन बसलेल्या बायका म्हणजे हा भिक्षुणीसंघ. आणि कंदल मीच होतो."

भिक्षू म्हणाले, "म्हणजे अधिष्ठानाची, अढळ निश्चयाची पारमिता भगवंतांनी त्या जन्मी पूर्ण केली."

"नाही," शास्ता म्हणाला. "मी करुणेने 'घे' म्हणालो होतो. तिने घेतले नाही. अधिष्ठान कशाला म्हणतात ते मी त्या दिवशी तिच्याकडून शिकलो. तीच कुंभा, ही नवी भिक्षुणी, मागे दाराशी बसली आहे. तिला पुढे जागा द्या."

भिक्षूंनी सरकून जागा केली.