आजीवन वर्गणी

नवरा गेल्यावर महिन्याभरातच शरयूताई बेहेऱ्यांच्या मोटारीतला उपग्रह रेडिओ मुका झाला. वर्गणी तर आजीवन होती. सकाळची नाट्यपदं दोघं त्यावरच ऐकत. आता तीही सोबत तुटली, म्हणून त्या कंपनीच्या कचेरीत गेल्या.

"बाई, आजीवन म्हणजे ग्राहकाचं आयुष्य," साहेब खुर्चीत रेलून म्हणाले. "बेहेरे गेले, वर्गणी संपली. नियम म्हणजे नियम!"

"चार वर्षांपूर्वी पहिला सेट जळाला, तेव्हा हे तुमच्याकडेच आले होते. आयुष्य सेटचं धरतात, माणसाचं नाही, असं तुम्हीच लिहून दिलंत. बिचाऱ्यांनी नवा सेट, नवी वर्गणी घेतली." शरयूताईंनी ते पत्र टेबलावर ठेवलं. "तेव्हा सेट गेला होता, हे होते. आता हे नाहीत, सेट धडधाकट आहे. साहेब, दर वेळी जो गेला त्याचंच आयुष्य कसं हो मोजता?"

साहेबांनी पत्राखालची स्वतःची सही पाहिली आणि रेडिओ चालू करून दिला.

गाडी आता शरयूताईच चालवत. पण बाहेर आल्यावर त्या आधी डावीकडच्या, आपल्या जुन्या जागेवर बसल्या आणि पद संपेपर्यंत तिथंच राहिल्या.