तावरेशेठचा फोटो

अपघातात चेपलेलं गाडीचं दार तावरेशेठच्या गॅरेजमधून दुरुस्त होऊन आलं खरं, पण पंधरवड्यातच त्याचा रंग तडकून पापुद्रे निघायला लागले. ट्रॅव्हल्सवाले म्हणाले, असली गाडी भाड्याला नको. गाडीचा मालक, इंदुमतीचा नवरा, घरी बसला. शेवटी तीच त्याला गाडीसकट घेऊन गॅरेजवर गेली.

शेठ खुर्चीतून उठलाही नाही. "वहिनी, पत्रा ठोकून सरळ केलाय. खड्डा बुजवायची लांबी नावालासुद्धा भरली नाही. तुम्ही पोळ्या लाटा, पत्र्यातलं तुम्हाला काय कळतंय?"

बसलेली गिऱ्हाइकं हसली.

इंदुमतीला ते लागलं. गिऱ्हाइकांना भेट द्यायला शेठने स्वतःचा फोटो छापलेले लोहचुंबक टेबलावर ठेवले होते. एक उचलून तिने गाडीच्या चांगल्या दाराला लावला, तो चिकटला. दुरुस्त केलेल्या दाराला लावला, तो खाली पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. पत्रा आत चेपलेलाच होता, वर बोटभर लांबी थापलेली.

"चुंबक खराब असेल," शेठ पुटपुटला.

"चुंबक चांगलाय, शेठ. तुमच्या कामावर तुमचा फोटोसुद्धा थांबत नाही, तिथे गिऱ्हाइकाने कसं थांबायचं?"

एका गिऱ्हाइकाने टेबलावरची आपल्या गाडीची किल्ली उचलली. शेठने दार फुकट करून द्यायचं कबूल केलं. ट्रॅव्हल्सवाल्यांनी मात्र तोवर दुसरी गाडी लावून घेतली होती.