टाकी क्रमांक एक

एकदा एक दूधव्यापारी होता. आसपासच्या गावांचे दूध त्याच्या केंद्रावर येई आणि तिथून टँकरने शहरात जाई. परदेशातल्या दूधसंघांत असते तशी माहितीयंत्रणा आपल्याकडेही हवी, असे त्याने मनावर घेतले. फीत कापली गेली, पेढे वाटले गेले, फोटो छापून आले. कोणता कॅन कोणी उतरवला, कोणत्या टाकीत ओतला, हे संगणकाने क्षणात सांगावे अशी ती रचना होती. बसवणारा होता एका वृद्ध आचार्यांचा तरुण शिष्य.

काही महिन्यांनी आचार्य शिष्याचे काम पाहायला आले आणि बाकावर बसले. तेवढ्यात म्हाकू गवळी धापा टाकत फाटकातून आत शिरला.

"मालक, घोटाळा झाला! आजारी म्हशीला औषधाची सुई टोचलीय. तिचं दूध बाजूला काढायचं हुतं, ते चुकून कॅनात गेलं. लोकांना देऊ नगा!"

"आत्ता सांगतोस?" व्यापारी कडाडला. "टाक्या भरल्या, टँकर लागले! उद्यापासून तुझं दूध बंद!"

शिष्य संगणकाकडे धावला. पडद्यावर उत्तर आले : टाकी क्रमांक एक. त्याने सुटकेचा श्वास घेतला. मग शेजारच्या ओळी वाचल्या. सकाळचा प्रत्येक कॅन टाकी एकमध्ये होता. कालचाही. परवाचाही. ओतणारा : व्यवस्थापक. आणि व्यवस्थापक तर भाचीच्या लग्नाला गेला होता! सगळे कामगार त्याच्याच नावाने यंत्रणा उघडत होते आणि पडद्यावर पहिली दिसेल ती टाकी तशीच ठेवून पुढे जात होते.

"म्हाकूचा कॅन कोणी ओतला?" शिष्याने विचारले.

कामगार खाली बघून कॅन धूत राहिले. मागून एक आवाज आला, "यंत्रात बघा की, साहेब. त्याला सगळं कळतंय म्हणं."

ते औषध दूध उकळूनही जाणारे नव्हते. नमुना शहरात पाठवला तर उत्तर संध्याकाळी येणार. तोवर दूध पोरांच्या पेल्यात पोहोचले असते.

"सगळ्याच टाक्या थांबवा," शिष्य काकुळतीला आला.

"आणि दिवाळं काढू? एका कॅनानं कोण मरतंय? सोडा रे गाड्या!"

इंजिने घुरघुरू लागली. आचार्य उठले.

"शेठ, पेढे आहेत का?"

"गुरुजी, ही काय पेढ्यांची वेळ?"

"म्हाकूला द्या. तुमच्या हाताने. आणि त्याचं दूध बंद होणार नाही, असं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा. नाहीतर हे सारं दूध गटारात ओता, किंवा लोकांच्या पोटात. तिसरा मार्ग मला दिसत नाही."

एक चालक फिदीफिदी हसला. व्यापाऱ्याने दात-ओठ खात डबा मागवला. म्हाकूच्या हातावर पेढा ठेवला आणि शब्द कसेबसे उच्चारले.

"चौथी टाकी," शिवाप्पा नावाचा कामगार पुढे झाला. "मीच वतला, मालक."

चौथ्या टाकीचा नळ टँकरला लागलाच होता. शिष्याने धावत जाऊन तो बंद केला. त्या टाकीतले आणि तिच्यातून टँकरमध्ये उतरलेले दूध खड्ड्यात गेले. बाकीचे शहराकडे निघाले.

"गुरुजी, त्याने आधी का सांगितलं नाही?"

"तू मला पत्रात कळवलेला तुझ्या यंत्रणेचा पहिला अहवाल आठवतो?"

शिष्याला आठवला. शिवाप्पाने स्वतःच्या नावाने नोंदवले होते : एक कॅन सांडला. ती ओळ लाल रंगात छापून शिष्याने मोठ्या कौतुकाने व्यापाऱ्यापुढे ठेवली होती. शिवाप्पाची मजुरी कापली गेली, तीही चारचौघांत.

"त्या दिवसापासून सगळे व्यवस्थापक झाले," आचार्य म्हणाले. "यंत्र परदेशातून आणता येतं, बाळ, खरं सांगणाऱ्याला अभय इथेच घडवावं लागतं. 'कोणी केलं?' हा तुझ्या यंत्राचा साधा प्रश्न. पण या अंगणात त्याचा अर्थ एकच : कोणाला झोडपू? माणसं गप्प बसली. यंत्र बिचारं कुठून बोलणार?"

दुसऱ्या दिवशी शिष्य धाकधुकीनेच पडद्यापुढे बसला. व्यापारी मागे उभा होता. एक ओळ उमटली : टाकी तीन. शिवाप्पा. थोडे दूध सांडले.

व्यापाऱ्याचा चेहरा लाल झाला. तोंड उघडले. सारे अंगण त्याच्याकडे पाहत होते. त्याने तोंड मिटले, आणि पेढ्यांचा डबा खिडकीतून बाहेर सरकवला.

फीत कापणाऱ्यांनी कात्री उचलण्याआधी एवढेच तपासावे : आपल्या घरात चूक कबूल करणाऱ्याचे काय होते?