पुलाच्या गालावरच्या खाचा

शपथेवर सांगतो, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. माझ्या जन्माच्या साठेक वर्षं आधी. इंग्लंडातल्या एका कालव्याकाठच्या वाटेनं चालत बार्नी घोडा दोरानं नावा ओढायचा. पुढं इंजिनं आली नि त्याचं काम गेलं. एका लख्ख उन्हाच्या सकाळी तो त्याच वाटेनं फिरायला निघाला, तर इंजिनाची नाव खिदळली, "आजोबा, जन्मभर चाललात, पण खूण तरी उरली का कुठं?"

बार्नीनं मान खाली घातली.

तेवढ्यात कालव्यावरचा दगडी पूल गरजला, "ए पोरी, माझ्या गालावरच्या खाचा बघ! ह्याच्याच दोरानं दगडाला घासून घासून पाडल्यात. तुझा धूर मी एका पावसात धुऊन टाकतो."

बार्नी ताठ मानेनं पुलाखालून गेला.

आता, बोलणं तेवढं माझ्या पदरचं. खाचा मात्र खऱ्या. बोट घालून पाहा.