कंपनीचे स्पीकर

“गाडीत स्टिरिओ नवा बसवलास, मग स्पीकर कंपनीचेच का ठेवलेस?” गंगाक्कांनी विचारलं.

राजशेखर तारळेनं गाडीच्या दारावर हात ठेवला. इचलकरंजीत त्याचा यंत्रमागांचा कारखाना होता. तिथं त्याला उलट प्रश्न कुणी विचारत नसे.

आजऱ्याच्या पुढं, डोंगरातल्या गंगाक्कांच्या मठीवर तो मंत्र मागायला आला होता. घरी देवदर्शनाला जातो म्हणून सांगितलं होतं. अक्का उंबऱ्यातून उठून सरळ गाडीपाशीच आल्या होत्या.

“त्यासाठी गाडीची दारं खोलावी लागणार होती, अक्का...”

मग त्यानं सगळं सांगितलं.

गेल्या वर्षी त्याच्या हृदयात धातूची झडप बसवली. ती वाजे. डॉक्टर म्हणाले होते, वाजणारच, काळजी नको. मागांच्या खडखडाटात काही कळत नसे. पण बंद गाडीत एकटा असला की ऐकू येई... टिक... टिक... मग तो पुढच्या ठोक्याची वाट बघत राही. तळहातांना घाम सुटे, गाडी कडेला घ्यावी लागे. म्हणून त्यानं दणदणीत स्टिरिओ घेतला.

फिटर म्हणाला, हे स्पीकर एवढा जोर सोसायचे नाहीत, तेही बदलू. त्यानं दाराचे स्क्रू काढले, आवरण जरासं ओढलं. आत काळोख होता, वायरी लोंबत होत्या... राजशेखरनं त्याचं मनगट धरलं. राहू दे म्हणाला. त्याचा दुसरा हात शर्टावरून छातीवरच्या व्रणावर गेला होता.

आता आवाज वाढवला की स्पीकर फाटत. कमी केला की झडप ऐकू येई.

“ती ऐकू येऊ नये असं काहीतरी द्या, अक्का.”

अक्का गाडीत बसल्या. त्यालाही बसायला लावलं. काचा वर घ्यायला लावल्या.

गाणं सुरू झालं. दारं थरथरू लागली, गाणाऱ्याचा आवाज चिरकला.

अक्कांनी बटण फिरवलं. गाणं बारीक होत होत विझलं.

टिक... टिक...

राजशेखरचा हात बटणाकडे गेला. अक्कांनी तो मध्येच धरला, आपल्या मांडीवर ठेवून घेतला.

“बसू जरा.”

त्याच्या कपाळावरून घाम ओघळून डोळ्यात गेला. तो पुसायचीही त्याला भीती वाटत होती. एक ठोका उशिरा पडला... की त्याला तसं वाटलं?

अक्का वाकल्या. त्याच्या छातीला कान लावून राहिल्या. बराच वेळ.

“अक्का,” तो कसाबसा म्हणाला, “ही थांबली तर?”

अक्कांनी कान काढला नाही.

“थांबलेली तुला कधीच ऐकू यायची नाही.”